वीतभर तार

संसारांत वेळोवेळीं "थांबा" म्हणणारें माणूस सहसा कोणास आवडत नाहीं. लग्नाच्या याद्या होत असतां खर्चाचा आंकडा मोठ्यानें वाचून दाखविणारे काका, आजाऱ्याच्या खोलींतून पाहुण्यांना उठविणारी आत्या, मुलें विहिरीच्या कांठाशीं गेलीं कीं ओरडणारी आजी, यांच्यावर सारें घर मनांतून थोडें रुष्टच असतें. त्यांचें म्हणणें खोटें असतें म्हणून नव्हे. तें गैरसोयीच्या वेळीं येतें म्हणून. आमच्या घरीं अशाच एका "थांबा" म्हणणाऱ्याचें तोंड आम्हीं एका पहाटे बंद केलें. तें माणूस नव्हतें. पाणी तापविण्याच्या यंत्रावरचें सुपारीएवढें एक तांबडें बटण होतें. त्या गोष्टीचा हा वृत्तांत आहे. यंत्राची माहिती यांत थोडी अधिक आहे असें वाचकांस वाटेल; परंतु ती गाळली तर आमची चूक कोठें झाली हें नीट कळणार नाहीं.

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं आमच्या कुटुंबाचें एक मंगल कार्यालय आहे. आजोबांनीं तें वाड्याच्या मागच्या चौकांत सुरू केलें. आज आम्ही तिघे भाऊ एकत्र राहून तें चालवितों. हिशेब थोरले बंधू पाहतात, मुदपाकखान्यावर वहिनींची देखरेख असते, आणि दिवे, पाणी, डागडुजी हें खातें आमच्याकडे आहे. पूर्वीं वऱ्हाडाच्या स्नानासाठीं तांब्याचे चार मोठे बंब असत. पहाटे तीनला गडी उठून ते पेटवी आणि सारा चौक धुरानें भरून जाई. बंबाचा एक मोठा गुण मात्र आम्हांस फार उशिरां कळला. त्याचें पाणी कोंडलेलें नसतें. तें फार तापलें तर वाफ झांकण खडखडवून निघून जाते, आणि माजघरांत बसलेल्या माणसासही कळतें कीं आतां निखारे ओढले पाहिजेत.

कांहीं वर्षांपूर्वीं बंब माळ्यावर गेले आणि त्यांच्या जागीं विजेचा मोठा हीटर आला. त्याच्या टांकींत 300 लिटर पाणी मावतें. आंत चार-चार किलोवॅटच्या तीन कांड्या आहेत, म्हणजे एकूण शक्ति 12 किलोवॅट. तीन फेजच्या तीन तारा, तांबडी, पिवळी व निळी, एकेका कांडीकडे जातात आणि प्रत्येकींतून सुमारें 17 अँपिअर प्रवाह वाहतो. 20 अंशांचें पाणी 60 अंशांपर्यंत नेण्यास सुमारें 14 युनिट वीज लागते, आणि तें काम सव्वा तासाच्या आंत होतें. ना धूर, ना राख. थोरल्या बंधूंनीं लांकडांच्या हिशेबाची वही मिटली, ती पुन्हा उघडली नाहीं.

एवढा प्रवाह थर्मोस्टॅटसारख्या नाजूक वस्तूंतून नेत नाहींत. तो कॉन्टॅक्टर नांवाच्या चुंबकी स्विचांतून जातो. कॉन्टॅक्टरच्या पोटांत तारेचें एक वेटोळें असतें. त्याला वीज मिळाली कीं लोखंडी ठोकळा खटकन् ओढला जाऊन तीनही फेज जोडल्या जातात, आणि वेटोळ्याची वीज गेली कीं स्प्रिंग त्या सोडविते. म्हणून या यंत्रांत दोन मंडलें असतात. एक जाड तारांचें, काम करणारें. दुसरें बारीक तारांचें, हुकूम देणारें. घात आणि रक्षण हीं दोन्हीं त्या बारीक तारांच्या हातीं आहेत.

आमच्या हीटरच्या पेटींत हुकमाच्या मंडलाची एक टर्मिनल-पट्टी आहे. 1 व 2 या आंकड्यांमध्यें तरंगत्या गोळ्याचा स्विच आहे. टांकींत पाणी नसेल तर तो वाट तोडतो, नाहीं तर कोरड्या कांड्या जळून जातील. 3 व 4 यांच्यामध्यें तो तांबड्या बटणाचा कटाउट. पाणी 85 अंशांवर गेलें कीं तो उडतो. 5 व 6 यांच्यामध्यें रोजचा थर्मोस्टॅट. तो 60 अंशांवर लावलेला आहे. फेजची बारीक तार फ्यूजमधून 1 वर येते, या तीन दारांतून ओळीनें जाते, आणि मगच कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यास पोंचते. वेटोळ्याचें दुसरें टोंक सरळ न्यूट्रलला. तीन दारांपैकीं एकही उघडलें, किंवा मधली तार नुसती तुटली, तरी वेटोळें सुटतें आणि हीटर बंद पडतो. बिघाड झाला तर यंत्रानें चालत न राहतां थांबावें, असा या ओळीच्या जोडणींतला हेतु आहे.

थर्मोस्टॅट आणि कटाउट यांत एक भेद आहे, आणि आमची सारी गोष्ट त्या भेदावर उभी आहे. थर्मोस्टॅट दिवसांतून वीस वेळां बंद होतो व आपण होऊन पुन्हा चालू होतो. कटाउट तसा नाहीं. तो एकदां उडाला कीं माणसानें जाऊन बटण दाबल्याशिवाय बसत नाहीं. त्यांत कंजूषपणा किंवा अडाणीपणा नाहीं. थर्मोस्टॅट आपलें काम चुकला तरच पाणी 85 अंशांस जाईल. तें कां चुकलें हें पाहण्यास कोणीतरी जागेवर यावें, म्हणून तें बटण माणसाच्या हाताची वाट पाहतें.

माघांतली गोष्ट. कार्यालयांत मोठें लग्न होतें, थंडी कडक पडली होती, आणि पहाटे साडेचारला मुलीकडच्या मंडळींनीं नळाचें पाणी गार येत असल्याची तक्रार केली. आमचा मिस्त्री, जो वीस वर्षें आमच्याकडे येत आहे, त्यानें जाऊन बटण दाबलें. तासाभरानें तें पुन्हा उडालें. तिसऱ्यांदां उडालें तेव्हां तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "नाना, आत काहीतरी गडबड आहे. बटण उगाच उडत नाही. दुपारी टाकी गार झाली की खोलून बघतो."

दाराशीं वरमाई उभ्या होत्या. गुरुजींनीं मुहूर्ताची वेळ दोनदां सांगितली होती. आम्ही म्हणालों, "दुपारचं दुपारी बघू. आत्ता पाणी बंद पडता कामा नये. डायरेक्ट करून दे."

तो क्षणभर घुटमळला. मग त्यानें वीतभर तार घेतली, दोन्ही टोंकें सोललीं, आणि 3 व 4 हे आंकडे एकमेकांस जोडून टाकले. बटण आपल्या जागीं राहिलें. त्याला विचारणारें कोणी उरलें नाहीं.

त्या दिवशीं पाणी बंद पडलें नाहीं. उलट "यंदा पाणी काय छान कढत येतं!" अशी स्तुति आम्हीं दोन-तीन पाहुण्यांच्या तोंडून ऐकली आणि ती गोड मानून घेतली. मिस्त्रीनें दुपारीं आठवण केली. तेव्हां पंगत चालू होती. फाल्गुनांत त्यानें पुन्हा विचारलें, आम्हीं सांगितलें, "लग्नसराई संपू दे. टाकी एक दिवस बंद ठेवायला सवड कुठे आहे?" त्यानंतर त्यानें विचारलें नाहीं, आणि आम्हांसही विसर पडला.

वैशाखांतल्या एका लग्नाच्या सकाळीं आचाऱ्याच्या हाताखालचा एक तरुण पातेलें भरण्यास नळाशीं गेला. नळ सोडतांच जवळजवळ उकळतें पाणी त्याच्या उजव्या हातावर आलें. त्याची किंकाळी बोहल्यापर्यंत ऐकूं आली. कोणी तूप आणलें, कोणी शाई आणली. आमच्या धाकट्या पुतण्याची पत्नी, जिनें विजेच्या इंजिनियरिंगचा अभ्यासक्रम पुरा केला आहे, तिनें दोन्ही बाजूस सारून त्याचा हात वाहत्या थंड पाण्याखालीं वीस मिनिटें धरविला, आणि मग त्यास दवाखान्यांत पाठविलें. दुसऱ्याला तिथें बसवून तिनें स्वतः जाऊन मुख्य स्विच पाडला. मागच्या भिंतीशीं सुरक्षा-झडपेच्या नळींतून कढत पाणी वाहत होतें. "अर्ध्या तासापासून वाहतंय," असें गडी म्हणाला; त्यास ती नळाची गळती वाटली होती.

ती गळती नव्हती. त्या झडपेनें त्या दिवशीं आमचें घर राखलें. पाणी तापलें कीं फुगतें. आमची टांकी 20 अंशांवरून 60 अंशांवर आली तर सुमारें साडेचार लिटर पाणी अधिक होतें, आणि मागें जाण्याची वाट एकेरी झडपेनें बंद असेल तर तें कोठें तरी निघालें पाहिजे. ती झडप दाब वाढला तर उघडते, आणि पाणी 99 अंशांस पोंचलें तरीही उघडते. ती नसती तर? दाबाखालीं कोंडलेलें पाणी 100 अंशांस उकळत नाहीं. दहा मीटर उंच टांकीचा दाब असेल तर तें सुमारें 120 अंशांपर्यंत पाणीच राहतें. अशा वेळीं भांडें फुटलें तर दाब नाहींसा होऊन त्यांतील कांहीं पाण्याची एका क्षणांत वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारें सोळाशेंपट जागा लागते.

त्या सायंकाळीं वऱ्हाड गेल्यावर ओसरीवर बैठक बसली. सूनबाईनें मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप घातलें होतें, टेस्टरनें तीनही फेज व बारीक तारा मृत असल्याचें पाहिलें होतें, आणि मग पेटी उघडली होती. थर्मोस्टॅटचा संवेदक, म्हणजे तांब्याच्या बारीक नळीच्या टोंकाचा फुगीर भाग, टांकीच्या खोबणींतून सबंध बाहेर निघून लोंबत होता. त्याची पकड सैल होती. माघांत तो अर्धवट निघाला असला पाहिजे. त्यामुळें त्यास पाणी खरें असेल त्याहून गार वाटे, थर्मोस्टॅट उशिरां तोडी, आणि म्हणून कटाउट उडे. वैशाखांत तो पुरता बाहेर आला. मग पाणी तापलें आहे हें थर्मोस्टॅटला कळेच ना. आणि कटाउटच्या टर्मिनलांवर ती तार होती.

ती तार तिनें तळहातावर ठेवून पुढें केली. "काका, ही कोणी लावली?"

थोरल्या बंधूंनीं मिस्त्रीस बोलावून घेतलें. तो आला, तार पाहिली, आणि म्हणाला, "मीच लावली, दादा." पुढें कांहीं बोलला नाहीं. बंधू संतापले होते. एका मुलाचा हात भाजला होता. त्यांनीं सांगितलें, "उद्यापासून येऊ नकोस." मिस्त्रीनें एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि पायऱ्या उतरून गेला.

आम्ही गप्प बसलों.

वाचकहो, लेखक स्वतःस "आम्ही" म्हणतो ही जुनी रीत आहे, आणि तिच्या आडोशाला लपणें फार सोपें असतें. म्हणून स्पष्ट लिहितों: येथें "आम्ही" म्हणजे घर नव्हे. हुकूम देणारा आणि गप्प बसणारा एकच माणूस होता, आणि तोच हा लेख लिहीत आहे. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. मनानें नाना तऱ्हेच्या पळवाटा काढल्या. मिस्त्री जाणता होता, त्यानें नाहीं म्हणावयास हवें होतें. आम्हीं "डायरेक्ट कर" म्हटलें, "कायमचें ठेव" म्हटलें नव्हतें. लग्नाची वेळ होती. प्रत्येक पळवाटेच्या शेवटीं त्याची ती दोन वेळांची आठवण उभी राही. ज्याच्या पोटाची सोय आपल्या हातीं आहे त्यानें आपणांस किती वेळां "थांबा" म्हणावें अशी आपली अपेक्षा असते? तो तीनदां म्हणाला होता. तांबडें बटणही तीनदांच उडालें होतें.

सकाळीं चहाच्या वेळीं सर्व मंडळी जमलेलीं असतां आम्हीं जें झालें तें सांगितलें. बंधू बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. वहिनींनीं एवढेंच म्हटलें, "काल बोलला असता तर तो माणूस तसा गेला नसता." तें खरें होतें, आणि त्यास उत्तर नव्हतें. नंतर आम्ही दोघे भाऊ मिस्त्रीच्या घरीं गेलों. बंधूंनीं आपले शब्द मागें घेतले, आम्हीं आपला दोष कबूल केला. तो लाजून म्हणाला, "नाना, तार तर माझ्याच हातानं लागली. चूक माझीपण आहे." त्या तरुणाचा औषधोपचार व महिन्याचा पगार कार्यालयानें दिला. त्याचा हात बरा झाला. मनगटावर एक डाग राहिला आहे.

त्यानंतर परवानाधारक ठेकेदार, मिस्त्री आणि सूनबाई या तिघांनीं मिळून हीटरची जोडणी नव्यानें केली. संवेदक खोबणींत पुरता बसवून पकडीनें आवळला. प्रत्येक तारेच्या टोंकास आंकड्याची चकती घातली, म्हणजे पुढें कोणीही पेटी उघडली तरी नकाशाशीं ताडून पाहतां येईल. टर्मिनलांचे स्क्रू एकेक करून पक्के केले. सैल टर्मिनल तापतें आणि तारेचें आवरण करपवितें. शरीराचें रक्षण करणारा, 30 मिलिअँपिअर गळतीला तोडणारा स्विच बसविला. आणि कटाउटसाठीं दुसरा, स्वतंत्र कॉन्टॅक्टर पहिल्याच्या पुढें ओळींत लाविला. त्याचें कारण सूनबाईनें आम्हांस असें सांगितलें: कॉन्टॅक्टरचे मुखडे कधीं कधीं ठिणग्यांनीं एकमेकांस चिकटतात, तसें झालें तर थर्मोस्टॅट आणि कटाउट दोघांनींही वेटोळें सोडलें तरी कांड्या चालूच राहतात. दोघां पहारेकऱ्यांच्या हातीं एकच दोर असूं नये.

आणखी एक गोष्ट तिनें दाखविली. हीं सारीं दारें फेजच्या बाजूस हवींत, वेटोळ्याच्या पलीकडे न्यूट्रलच्या बाजूस नव्हेत. न्यूट्रलच्या बाजूस असतील आणि तेथली एखादी तार आवरण झिजून पेटीच्या पत्र्यास लागली, तर पत्रा अर्थिंगला जोडलेला असल्यानें वेटोळ्याचें मंडल तिकडूनच पुरें होतें. दारें उघडलीं तरी यंत्र चालतें. म्हणजे कोणी न जोडतांच आमची ती वीतभर तार जोडली जाते.

शेवटीं परीक्षा. गोळा खालीं दाबून पाहिला: कॉन्टॅक्टर सुटला. कटाउटची तार काढून पाहिली: सुटला. थर्मोस्टॅट खालीं फिरविला: सुटला. एकेक कडी मुद्दाम तोडून पाहिल्याशिवाय साखळी पुरी झाली असें मानूं नये, हा धडा आम्हीं त्या दिवशीं उभ्यानें शिकलों.

पाणी 60 अंशांवर कां ठेवावयाचें, 45 वर कां नको, असें वहिनींनीं विचारलें. 1976 सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें एका संमेलनास आलेल्या लोकांत न्यूमोनियासारखा घातक रोग पसरला. त्याच्या मुळाशीं असलेला जंतु, ज्यास लेजिओनेला म्हणतात, कोमट सांचलेल्या पाण्यांत वाढतो आणि 60 अंशांस मरतो. पण 60 अंशांचें पाणी मोठ्या माणसाची कातडीही सुमारें पांच सेकंदांत खोल भाजतें, असें मॉरिट्झ व हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनीं 1947 सालीं दाखविलें. म्हणून सांठा गरम ठेवून नळाशीं थंड पाणी मिसळणारी झडप लावावी लागते. ती आतां स्नानगृहांत व मुदपाकखान्यांत दोन्हीकडे लाविली आहे.

1982 सालीं 19 जानेवारीस अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत स्पेन्सर या गांवच्या स्टार एलिमेंटरी नांवाच्या प्राथमिक शाळेंत पाणी तापविण्याची टांकी फुटली. मुलें जेवणघरांत होतीं. सात जण प्राणांस मुकले, त्यांत सहा मुलें होतीं. त्या दिवशींच्या आमच्या कार्यालयांतही पाटांवर मुलें बसलेलीं होतीं, आणि त्यांच्यापासून हीटरची खोली एका भिंतीपलीकडे होती. आमच्याकडे एक झडप शाबूत राहिली, एवढाच फरक. ती शाबूत ठेवण्यांत आमचें शहाणपण कांहींच नव्हतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, सोसायटींत, वसतिगृहांत किंवा कार्यालयांत असे हीटर असतील. पेटी स्वतः उघडूं नका. तें परवानाधारकाचें काम आहे. पण त्यास एक प्रश्न अवश्य विचारा: "कोठें कांहीं डायरेक्ट केलेलें आहे काय?" आणि तो "होय" म्हणाला तर त्यास रागें भरण्यापूर्वीं आठवून पाहा, कीं तसें करण्यास त्याला कोणीं सांगितलें होतें.

ती तार सूनबाईनें टाकून दिली नाहीं. हीटरच्या खोलींत, पेटीच्या वरच्या खिळ्यास ती टांगलेली आहे. मागच्या महिन्यांत एका पहाटे तांबडें बटण पुन्हा उडालें. मिस्त्री येऊन दाराशीं उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, बंद ठेवतो." आम्ही माळ्यावरून बंब काढण्यास गड्याला हांक मारली.